पोचल्याचा बार

माप ओलांडून मी पालवांच्या घरात उजवा पाय टाकला, तांदूळ सांडले, बायकांनी ओवाळलं आणि मी तिथेच थबकले. पाठीमागून करवलीने कोपर मारलं तरी पुढे सरकेना.

"काय गो, पायात काय टोचला?" सासूबाईंनी विचारलं.

"बार होवचो आसा मां?" मी मान खाली घालूनच विचारलं.

माजघरातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नव्या नवरीने उंबऱ्यावर तोंड उघडू नये असा संकेत आहे, आणि उघडलंच तर निदान बंदुकीची चौकशी करू नये. पण मला संकेताचं भान नव्हतं. टेंबाच्या पलीकडे माझे बाबा, सोनबा गवस, उपाशी बसले होते.

आमचं माहेरचं गाव सातोळी आणि सासरचं नागझर, मधे धनगरटेंब. डोंगर म्हणायची लाज वाटावी एवढाच तो, पण गाडीरस्ता त्याला वळसा घालून जायचा तर तास मोडतो. पूर्वी नवरी पायवाटेने टेंब ओलांडून सासरी यायची. वाटेत रान, रानात वाघरू. म्हणून पोचल्यावर सासऱ्याने ठासणीच्या बंदुकीचा एक बार काढायचा आणि तो पलीकडे ऐकू गेला की मुलीच्या बापाने जेवायला बसायचं. कन्यादानाचा उपास बाप तेव्हाच सोडायचा, त्याआधी नाही. बार झाला म्हणजे मुलगी पोचली, घरात घेतली, तिचं पान मांडलं. माझ्या आईचा झाला होता, आत्यांचा झाला होता. वाघ गेले, मोटारी आल्या, तरी बार राहिला.

बाबांना साखरेचा आजार. सकाळची गोळी त्यांनी उपाशीपोटीच घेतलेली. पाठवणीच्या वेळी सगळं गाव रडलं, ते तेवढे रडले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जा वैजू. बार आयकलंय काय जेवतंय." आईने मात्र मिठी मारताना कानात सांगितलं, "उशीर करू नको गो." जसा काही बार मीच काढणार होते.

आणि त्याच वर्षी सरकारने बंदुकांचे नियम कडक केले होते.

आमच्या भागात एका घराआड शेतीसंरक्षणाची बंदूक असते. डुकरं आणि वानरं यांच्यापुढे दुसऱ्या कशाची मात्रा चालत नाही. त्या सगळ्या परवानेवाल्यांना पोलीस ठाण्यात बोलावून नवा नियम वाचून दाखवला गेला. पिकात जनावर शिरलं तरच बंदूक उडवायची. लग्न, बारसं, पालखी, कशालाही बार काढला तर परवाना रद्द, बंदूक जमा, वर खटला. नियम उगीच आला नव्हता. कुठल्याशा गावात वरातीतल्या बाराने एका आचाऱ्याचा हात कायमचा गेला होता. तरी आमच्या मोठ्या माणसांची समजूत अशी की नियम ठाण्यात राहील आणि बार गावात राहील.

मी मान किंचित वळवून खळ्यात, म्हणजे अंगणात बघितलं. माझे सासरे, अर्जुन पालव, बंदूक घेऊन उभे होते. उंच, शिडशिडीत, बोलायला महाग माणूस. त्यांच्या शेजारी त्यांचे चुलतभाऊ मधूकाका. हे गावचे पोलीस पाटील. लग्नासाठी नवी टोपी घालून, अत्तर लावून आले होते आणि एका हाताने बंदुकीची नळी धरून उभे होते.

"अर्जुना, आयक माझा," मधूकाका हळू आवाजात म्हणत होते. "बंदूक गेली तर डुकरांका काय टाळये वाजवन हाकलतलंस?"

"माका ठावक आसा."

"मी बघितलंय तर माका लिवचा लागतला. तुझ्याच पंगतीत बसान तुझ्याच नावान लिवचा..."

माझा नवरा दिगंबर तेवढ्यात शहाणपण करून आला होता. सातोळीत मास्तरांच्या घरी फोन होता, तिथे त्याने निरोप ठेवला की वैजू सुखरूप पोचली, सासरेबुवांनी जेवून घ्यावं. मास्तर स्वतः बाबांकडे जाऊन आले आणि त्यांनी उलटा फोन केला. दिगंबर कान खाजवत म्हणाला, "'बरां झाला' म्हणाले. आणि 'बार खंय?' म्हणान इचारल्यानी."

कुणीतरी सुतळी बॉम्ब लावायचा सल्ला दिला. मामंजींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. "जलमभर बंदूक वापरलेलो माणूस तो. तेका बार आणि फटाको कळाचो नाय?"

मग ते थोडा वेळ बंदुकीच्या दस्त्यावर हनुवटी टेकून उभे राहिले. "मधू," ते म्हणाले, "वांदर कधी येतत?"

हे नागझरात कोणाला विचारायला नको होतं. चार वाजले की वानरांचा अख्खा कळप धनगरटेंबावरून उतरून पालवांच्या माडांत यायचा. शहाळी पाडायचा, केळी सोलायचा, आणि सासूबाई डबा बडवत बाहेर आल्या की त्यांच्याकडे बघून दात विचकायचा. शेवटी मामंजी हवेत एक बार काढायचे तेव्हा तो निघायचा.

मधूकाकांचा चेहरा उजळला. "पिकात वांदर इलो तर खुशाल काढ. मी स्वता लिवन देतंय, माझ्या डोळ्यांदेखत इलो म्हणान."

आणि अशा रीतीने माझ्या लग्नाचं सगळं वऱ्हाड वानरांची वाट बघायला बसलं.

बँडवाल्यांना चहा-लाडू देऊन दमात घेतलं, की पिपाणीला तोंड लागलं तर बिदागी विसरा. कर्णा बंद केला. पोरांना लाडवांसकट एका खोलीत कोंडलं. म्हातारी माणसं खोकताना तोंडावर पंचा धरू लागली. एवढी शांतता त्या घरात कुणी गेल्यावरसुद्धा झाली नसेल. सासूबाईंनी तर मांडवाच्या खांबाचा केळीचा घड कापला आणि मागच्या कुंपणावर नेऊन टांगला. हात जोडून रानाकडे बघत म्हणाल्या, "येवा रे बाबांनो. रोज गाळी घालतंय ता मनात धरू नकात."

पण वानरं आली नाहीत. कशी येतील? सकाळी वऱ्हाड निघताना आणि आता परतताना बँड, फटाके, गाड्यांचे भोंगे. वर्षभर डबे बडवून जे साधलं नाही ते एका लग्नाने साधलं होतं.

साडेचार झाले, पाच झाले. मामंजी बंदूक घेऊन घरामागे माडांच्या कडेला जाऊन बसले होते. मला बायकांनी चटईवर बसवलेलं. समोर दुधाचा पेला होता, त्यावर साय धरली. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र, बाबा ओट्यावर बसलेत आणि त्यांचे हात थरथरताहेत. साखर उतरली की आधी त्यांचे हात थरथरायचे. मला बसवेना. मी सासूबाईंना म्हटलं, "मी पाटल्यादारी जाव?"

मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, शालू, मुंडावळ्या, हिरवा चुडा. आणि हातात पाण्याचा तांब्या दिला. "जा. ते एकटेच आसत थंय. सकाळपासना पाणी पण घेवक नाय."

माडांच्या कडेला पालवांचा मांगर होता, शेताची हत्यारं ठेवायची झोपडी. तिच्या बाहेर दगडावर मामंजी बसले होते, बंदूक मांडीवर. थोडं पलीकडे फणसाखाली मधूकाका साक्षीदार म्हणून बसलेले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली.

"बस," मामंजी म्हणाले. "साडी मळात पण."

"मळूंदे."

ते पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला. "जेवलंस?"

"नाय."

"मी पण नाय."

समोर टेंबावर ऊन पिवळं पडत चाललं होतं.

"आमच्या सुमनाक डोंबिवलीत दिलंय," ते एकाएकी म्हणाले. सुमन म्हणजे माझी थोरली नणंद. "तिच्या लग्नादिवशी मी ह्याच दगडार बसलंय. गाडयेन गेली ती. डोंबिवलीसून बार खंय आयकाक येतलो?"

"मगे?"

"मगे काय. दुसऱ्या दिवशी फोन इलो, पोचलंय म्हणान. बरां वाटला. पण घास काय उतरलो नाय." त्यांनी बंदुकीवरून हात फिरवला. "पोचलंय म्हणाक काय, खंयसून पण म्हणता येता. सगळे म्हणाले, म्हातारो येडो झालो."

त्या माणसाने इतकी वाक्यं एका दमात बोलल्याचं कोणाला आठवत नाही, असं सासूबाई मला पुढे सांगायच्या. मला त्या वेळी काय वाटलं ते साधंच आहे. मला वाटलं, ह्या घरात आपलं निभेल.

सूर्य टेंबाकडे कलला तसे ते उठले. "आयक. दिस बुडाच्या आधी वांदर इले तर इले. नाय तर मी बार काढतलंय. बंदूक नेवंदेत."

मधूकाकांनी ऐकलं. ते फणसाच्या मुळांकडे बघत राहिले.

बंदूक गेली म्हणजे काय होईल हे मला कोणी समजवायला नको होतं, मी गवसांची मुलगी. खाली भाताचे कुणगे, वर माड आणि केळी. एका पावसाळ्यात डुकरं सगळं नांगरून टाकतील. आणि लोक काय म्हणतील तेही मला माहीत होतं. नवी सून आली आणि पालवांची बंदूक गेली. पायगुण हा शब्द एकदा चिकटला की जन्माचा चिकटतो.

तरी मी जे बोलले ते पायगुणाच्या भीतीने नव्हतं. "मामांनू, नको," मी म्हटलं. "तुमची बंदूक गेली असा बाबांका कळला, तर ते मगे दोन दिवस जेवचे नाय."

मामंजी माझ्याकडे बघत राहिले. ते पटण्यासारखं होतं, कारण त्यांनीही तेच केलं असतं. ते पुन्हा दगडावर बसले.

आणि तेवढ्यात बार झाला.

टेंबाच्या पलीकडे. आमच्या सातोळीत. जड, ठासणीचा, रानभर पसरत गेलेला. बार इकडून तिकडे जायचा असतो, तिकडून इकडे कधीच येत नाही. तिकडे काय झालं? मी उठले तर तांब्या कलंडला.

"बस, बस," मामंजी कान देऊन म्हणाले. "सोनबाची बंदूक ती. सोनबाक काय एक झाला नाय."

पुन्हा ठासायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला आणि दुसरा बार झाला. हा आधीच्यापेक्षा जवळून. मग बार थांबले आणि डबा वाजायला लागला. पत्र्याचा डबा, काठीने बडवलेला, आणि सोबत हाळी. डबा हळूहळू टेंब चढत होता.

मामंजींच्या तोंडावर हसू पसरलं. त्या दिवशी पहिल्यांदाच. "वांदर थंय गेलेत," ते म्हणाले. "तुझो बापूस तेंका हडे धाडता हा."

पलीकडे काय घडलं होतं ते मला चार दिवसांनी माहेरपणाला गेल्यावर आईने सांगितलं, पण ते इथेच सांगते. इथल्या बँडला भ्यालेला कळप दुपारीच टेंब ओलांडून आमच्या केळीच्या बागेत उतरला होता. बाबा बंदूक घेऊन ओट्यावर बसलेले. वानरं समोर घडच्या घड उतरवत होती. आई म्हणाली, "अवो, काढा मां एक बार. कायद्यात बसता." बाबा म्हणाले, "गप. माझो बार आणि तिकडचो बार एकदम झालो तर? माका आयकाक येवचो नाय." आणि वर्षभर राखलेली बाग डोळ्यांसमोर लुटली जात असताना हा माणूस कान टेंबाकडे लावून गप्प बसून राहिला. ऊन उतरल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ही वानरं नागझरची. सगळी इथे बसली आहेत तर व्याही कशावर बार काढणार? मग ते उठले. आपल्या बागेत, आपल्या पिकावरच्या जनावरावर, कायद्याने दोन बार काढले. कुंपणाशी आल्यावर बंदूक आईच्या हातात दिली, कारण पुढे पीक त्यांचं नव्हतं. तेलाचा रिकामा डबा आणि काठी घेतली, आणि उपाशीपोटी टेंब चढायला लागले. आई मागून ओरडली, "अवो, चकर येतली." ते म्हणाले, "येवंदे."

इकडे माडांच्या शेंड्यांत सळसळ झाली. पहिला हुप्प्या कुंपणावर उतरला, सासूबाईंनी टांगलेल्या घडाकडे त्याने हात घातला, आणि त्याच्यामागे पोरांबाळांसकट सगळं गणगोत. मधूकाका ताडकन उठले, टोपी डोक्यावर घातली आणि सरकारी आवाजात म्हणाले, "वांदर पिकात शिरलेले माका दिसतत. काढ, अर्जुना."

मामंजींनी बंदूक आभाळाकडे करून बार काढला.

कानठळ्या बसल्या. वानरं माडांवरून खालच्या रानात पांगली. खळ्यात वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या, कोंडलेली पोरं सुटली. माझा श्वास मोकळा झाला. आता जेवतील, मी मनात म्हटलं.

पण डबा थांबला नाही.

आम्ही तिघं वर बघत राहिलो. डबा तसाच वाजत वर येत होता. मग टेंबाच्या माथ्यावर, उतरत्या उन्हात, एक बारकी आकृती दिसली. धोतराचा काचा मारलेला, डोक्याला लग्नातला फेटा तसाच. काठी चालूच होती.

"आयकाक नाय इलो तेका," मामंजी म्हणाले. "आपल्याच डब्याच्या आवाजात."

बाबांनी वानरं शोधत इकडेतिकडे बघितलं असावं. मग डबा थांबला. ते तिथेच उभे राहिले, एक हात कानामागे धरून. खाली उतरून यायची गोष्ट नव्हती. मुलीच्या घरी बाप आवतणाशिवाय पहिल्या दिवशी पाऊल टाकत नाही. आणि मागे फिरतील तर बाराशिवाय फिरतील. ते उभेच राहिले. मला हाक मारावीशी वाटली, पण एवढ्या लांब बाईमाणसाची हाक कसली पोचणार. माझे डोळे भरून आले आणि माथ्यावरचं काही दिसेना.

मामंजी बंदूक पुन्हा ठासायला लागले. दारू घातली, काथ्याचा बोळा घातला, गजाने ठासला. घाई नाही, चुकारपणा नाही.

मधूकाका जवळ आले. "अर्जुना," ते अगदी हळू म्हणाले, "वांदर गेले रे. आता पिकात काय आसा?"

"एक रवलो हा."

"खंय?"

मामंजींनी हनुवटी वर करून टेंबाचा माथा दाखवला. "थंय बघ. म्हातारो हुप्प्या. आयकल्याबिगर हलाचो नाय तो."

मधूकाकांनी कपाळावर हात धरून वर बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांच्या तिन्ही मुली मुंबईला दिलेल्या. मग त्यांनी टोपी काढली, तिनेच तोंड पुसलं आणि पुन्हा घातली.

"व्हय रे," ते म्हणाले. "माका दिसता. काढ."

दुसरा बार झाला.

माथ्यावरची आकृती क्षणभर हलली नाही. मग बाबांनी डबा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरला, तसाच थोडा वेळ धरला, आणि पाठ फिरवून उतरायला लागले. भराभर. भूक लागलेल्या माणसासारखे.

मागे वळून बघते तर सासूबाई उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे. त्यांनी माझे डोळे स्वतःच्या पदराने पुसले, नव्या कोऱ्या पदराने, आणि म्हणाल्या, "चल गो. सोनबा घराक पोचासर पानां मांडूया."

ओटीवर आम्हा दोघांची पानं मांडली, माझं आणि मामंजींचं. भात वाढला, वरण वाढलं, वर तूप पडलं. सगळे आमच्या तोंडाकडे बघत होते. मामंजींनी पहिला घास कालवला आणि हातात धरून ठेवला. नजर टेंबावर. वाट, उतरण, बागेचं कुंपण, ओट्याच्या पायऱ्या, सगळं बाबांबरोबर मनातल्या मनात चालत असावेत. मीही माझा घास धरून ठेवला. भात निवत चालला.

"आता जेवक बसलो आसतलो," मामंजी म्हणाले आणि त्यांनी घास तोंडात घातला.